युद्धावरून परतलेला माणूस पुरता घरी का येत नाही?

२०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, तेव्हापासून युद्ध आपल्या तळहातावर आलं आहे. चहा पिता पिता आपण ड्रोनने टिपलेली दृश्यं बघतो. खाली आकडे येतात: इतके ठार, इतके जखमी. त्या जखमींत हात गेलेले, पाय गेलेले, डोळा गेलेले मोजलेले असतात. जो धडधाकट परतला, तो कुठल्याच आकड्यात नसतो.

आमच्या गल्लीत, नगरला, एक सुभेदार राहायचे. १९८७ ते १९९० या काळात भारताची शांतिसेना श्रीलंकेत होती, तिच्यात ते जाऊन आले होते. अंगावर ओरखडा नव्हता. पण घरी त्यांची खाट कायम दाराला आडवी असे. थंडी असो, पाऊस असो, ते उंबऱ्याशी झोपत. चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर बसत. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी, असायचा. भाकर आणि प्याला पुढे येण्याआधी ते उठत आणि बाहेर पायरीवर जाऊन बसत. आम्हा पोरांना वाटायचं, बिडी ओढायला जातात.

खाट आणि पायरी, या दोन गोष्टींमागे दोन वेगवेगळ्या जखमा असतात हे मला फार उशिरा कळलं. त्या वेगळ्या करून पाहिल्या की युद्धावरून आलेल्या माणसाबद्दलचं बरंचसं कोडं उलगडतं.

पहिली जखम: राखण संपत नाही

ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा बांधतात. राखणदार वर बसतो, हातात गोफण. रात्री पान हललं तरी त्याला जाग येते, आणि यायलाच हवी, त्यासाठीच तर तो तिथे आहे. आता समजा सुगी झाली, कणसं खळ्यावर गेली, शेत मोकळं झालं आणि राखणदार मात्र माळ्यावरून उतरायलाच तयार नाही. उंदीर पळाला तरी गोफण फिरवतो.

आपल्या मेंदूत असा एक राखणदार आहे. धोका दिसला की विचार करायच्या आत तो शरीराला हाक देतो. छाती धडधडते, स्नायू ताठतात, झोप उडते. रणांगणावर महिनोन् महिने याच सवयीने माणूस जिवंत राहतो. घरी आल्यावर त्या राखणदाराला कोणीच सांगत नाही की पीक निघालं. लग्नाच्या वरातीतला सुतळी बॉम्ब, कुकरची शिट्टी, डिझेलचा वास, मागून खांद्यावर पडलेला हात, कशानेही तो दचकून उठतो. जुना प्रसंग नुसता आठवत नाही, तो पुन्हा घडतो. घाम फुटतो, पायाखालची जमीन त्या दिवसाची होते.

डॉक्टर याला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून पीटीएसडी. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांची अवस्था पाहून १९८० मध्ये अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांनी या नावाने त्याला अधिकृत आजारांच्या यादीत घेतलं. यावर उपचार आहेत आणि ते अनेकांना लागू पडतात. प्रशिक्षित माणसाच्या सोबतीने तो प्रसंग थोडा थोडा करून पुन्हा सांगायचा, ज्या जागा टाळतो तिथे हळूहळू जायचं, गरज असेल तर औषध घ्यायचं. राखणदाराला माळ्यावरून ओढून काढता येत नाही. त्याची खात्री पटेल तसा तो उतरतो.

दाराला आडवी खाट ही या जखमेची.

दुसरी जखम: आत मोडलेला काटा

पायात बाभळीचा काटा मोडला आणि टोक आतच राहिलं तर काही दिवसांनी वरून कातडी धरते. बघणाऱ्याला पाय बरा दिसतो. आत मात्र कुरूप होतं, आणि प्रत्येक पावलाला कळ मस्तकात जाते.

बॉस्टनचे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनामच्या माजी सैनिकांवर वर्षानुवर्षं उपचार केले. त्यांच्या ध्यानात आलं की काही जणांचं दुखणं भीतीचं नाहीच. त्यांच्या आत जे बरोबर-चूक ओळखणारं असतं, तेच मोडलं आहे. १९९० च्या दशकात त्यांनी या दुखण्याला जे नाव रूढ केलं, त्याला आपण मराठीत ‘विवेकाची जखम’ म्हणू. ती तीन वाटांनी होते. जे करू नये असं आपण मानत आलो ते आपल्या हातून झालं. किंवा डोळ्यांदेखत घडलं आणि आपण थांबवू शकलो नाही. किंवा ज्यांच्या हुकमावर जीव पणाला लावला त्या वरच्यांनीच दगा दिला. शे यांचा भर या तिसऱ्या वाटेवर होता. पहिल्या दोन वाटा पुढच्या अभ्यासकांनी, विशेषतः २००९ नंतर, नीट मांडल्या.

फरक साधा आहे. भीतीची जखम म्हणते, ‘जग धोक्याचं आहे.’ विवेकाची जखम म्हणते, ‘धोका मीच आहे.’ असा माणूस लेकराला मांडीवर घ्यायला कचरतो. कोणी कौतुक केलं तर तिथून उठून जातो. चांगलं काही ताटात आलं तर ते आपल्यासाठी नाही असं त्याला वाटतं. झोपेच्या गोळीने झोप लागते, पण हा प्रश्न सकाळी उशाशी बसलेला असतोच. दोन्ही जखमा एकाच माणसाला होऊ शकतात, पुष्कळदा होतात. म्हणूनच एकीचा उपचार करून दुसरी बरी होत नाही तेव्हा घरचे म्हणतात, ‘इतके इलाज केले, तरी हा तसाच.’

पायरी ही या जखमेची.

‘हे भित्रेपणाचंच नवं नाव ना?’

हा आक्षेप जुना आहे आणि त्याने माणसं मेली आहेत.

पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियमच्या खंदकांतून असे सैनिक येऊ लागले की ज्यांना जखम नाही, पण दिसत नाही, बोलता येत नाही, अंग थांबत नाही इतकं कापतं. ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये अशा तीन रुग्णांवर लेख लिहिला आणि ‘शेल शॉक’, म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, हा शब्द वैद्यकात आला. लष्कराला प्रश्न पडला, हा जखमी धरायचा की आजारी? मग कागदावर दोन खाती झाली. गोळा जवळ फुटून झालं असेल तर जखमी, आणि जखमीला मान होता, बाहीवर पट्टी होती, पेन्शन होतं. नुसतं मन खचलं असेल तर आजारी, आणि त्याला यातलं काही नाही. १९१७ मध्ये तर हा शब्द वापरूच नये असा हुकूम निघाला. युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश सैन्यातच असे सुमारे ८०,००० रुग्ण झाले होते.

आणि ज्यांच्या कागदावर आजारही लिहिला गेला नाही, त्यांतल्या काहींना पळपुटे ठरवलं गेलं. रणांगण सोडणं, भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटन आणि तिच्या साम्राज्यातल्या ३०६ सैनिकांना त्यांच्याच सैन्याने पहाटे गोळ्या घातल्या. त्या सगळ्यांना माफी मिळाली २००६ मध्ये, नव्वद वर्षांनी.

‘आमच्या जुन्या माणसांना असलं काही होत नव्हतं,’ हेही ऐकू येतं. सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे मिलिटरी या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. मराठ्यांच्या पलटणी ज्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या, ती इराकमध्ये कुत-अल-अमारा इथे पाच महिने वेढ्यात अडकली, उपासमार झाली, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. पुढे कैदेत हजारो मेले. जे परतले ते काय घेऊन परतले असतील? आपल्याकडे त्याला शब्द नव्हता. गाव म्हणायचं, बाधा झाली, डोक्यात वारं गेलं, दारूपायी गेला. शब्द नव्हता म्हणून दुखणंही नव्हतं, असं कसं म्हणावं?

एकाच गावातल्या दोन खोल्या

बेल्जियममध्ये ईप्र शहरापासून बाराएक किलोमीटरवर पोपेरिंगे नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात ते आघाडीच्या मागेच, ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. तिथल्या नगरपालिकेच्या इमारतीत दोन कोठड्या जपून ठेवल्या आहेत. शिक्षा झालेला सैनिक शेवटची रात्र तिथे काढायचा. भिंतीवर कैद्यांनी कोरलेल्या रेघा आणि अक्षरं आहेत. पलीकडे अंगणात खांब आहे. त्या शेवटच्या रात्री सोबतीला बसायचं काम सैन्यातल्या पाळकाकडे, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूकडे, असे. कोणी प्रार्थना करी, कोणी नुसता हात धरून बसे. त्यांनी शिक्षा थांबवली नाही. थांबवायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. पण त्या रात्री त्या माणसाला एकटं सोडलं नाही, हेही खरं.

तिथून चालत काही मिनिटांवर दुसरं घर आहे. डिसेंबर १९१५ मध्ये फिलिप क्लेटन या पाळकाने ते सैनिकांसाठी उघडलं. आधीच्या उन्हाळ्यात मारल्या गेलेल्या एका तरुण अधिकाऱ्याच्या नावावरून त्याचं नाव टॅल्बट हाउस. पाळकाच्या खोलीच्या दारावर पाटी होती की आत येणाऱ्याने आपला हुद्दा बाहेर सोडावा. सैन्यात ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे शिपायाच्या घरच्यांना विचारा. खाली चहा, पुस्तकं, पियानो, मागे बाग. एका फळ्यावर सैनिक आपलं नाव लिहून जात, म्हणजे मागून येणाऱ्या गाववाल्याला, मित्राला कळावं की हा अजून जिवंत आहे. माळ्यावर प्रार्थनेची खोली होती आणि तिथे वेदी म्हणून सुताराचं जुनं बाक मांडलं होतं. खंदकात जाण्याआधीच्या संध्याकाळी पोरं तो अरुंद जिना चढून वर जात. ते घर आजही पाहुण्यांसाठी उघडं आहे.

ख्रिस्ती करुणा म्हणजे काय, हे मला व्याख्येपेक्षा त्या घरावरून जास्त कळतं. मराठी बायबलमध्ये त्यासाठी शब्द आहे ‘कळवळा’. लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेल्या वाटसरूला पाहून शोमरोनी, म्हणजे परक्या जमातीच्या, माणसाला कळवळा आला, ही येशूने सांगितलेली गोष्ट बहुतेकांच्या कानावर असेल. तिथे मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याच्या पोटात ‘आतडी’ आहेत. आपण म्हणतो ना, आतडं तुटलं, पोटात कालवलं, तेच. आणि गोष्ट तिथे थांबत नाही. तो जखमा बांधतो, स्वतःच्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेतो, मालकाला दोन नाणी देतो आणि म्हणतो, वर खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन. पुष्कळांची करुणा जखम बांधण्यापर्यंत पोचते. ‘परत येईन’ हे म्हणायला वेगळी तयारी लागते, आणि युद्धाच्या जखमेला नेमकी तीच लागते, कारण ती वर्षांनी मोजायची असते.

‘कर्तव्य केलं, मग अपराध कसला?’

सैनिकाने देशाचा हुकूम पाळला, त्यात त्याचं काय चुकलं, असं आपण प्रेमाने म्हणतो. हेतू चांगला असतो. पण ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं? ‘तुला जे वाटतं ते तुला वाटूच नये.’ म्हणजे काट्यावरून मलम.

महाभारत आठवा. युद्ध धर्माचं होतं, साक्षात कृष्ण बाजूला होता, विजय झाला. आणि युधिष्ठिर म्हणतो, मला हे राज्य नको, मी वनात जातो. भाऊ समजावतात, द्रौपदी समजावते, व्यास समजावतात, आणि शेवटी शरपंजरी पडलेल्या भीष्मांपाशी जाऊन तो दिवसेंदिवस ऐकत बसतो. समजावताना कोणी त्याला वेडा, दुबळाही म्हटलं, पण महाभारताने त्याचं दुःख झटकलं नाही. त्याच्या शोकाला एक अख्खं पर्व दिलं.

ख्रिस्ती परंपरेतही असं काही होतं आणि ते आज जवळजवळ विसरलं गेलं आहे. चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप बासिल यांनी लिहून ठेवलं की युद्धात मारणं हा आपल्या वाडवडिलांनी खून मानला नाही. तरी ज्यांचे हात रक्ताने माखले त्यांनी तीन वर्षं प्रभुभोजनापासून दूर राहावं हे बरं. आणि १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईत फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या सैन्याने इंग्लंडचा पाडाव केला, त्यानंतर नॉर्मंडीच्या बिशपांनी विजयी बाजूच्या, म्हणजे आपल्याच सैनिकांसाठी प्रायश्चित्ताचे नियम केले. जितके मारले तितकी वर्षं. वार केला पण मेला की नाही ठाऊक नसेल तर माणशी चाळीस दिवस. धनुर्धाऱ्यांना आपला बाण कोणाला लागला हे कळत नाही, म्हणून त्यांना ईस्टरआधीचे तीन उपवासकाळ.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे क्रूर वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. यात सैनिकाला खुनी म्हटलेलं नाही. ‘काही झालंच नाही’ असंही म्हटलेलं नाही. जे झालं ते जड आहे, हे सगळ्या मंडळीने मान्य केलं, त्याला एक करण्याजोगं काम दिलं आणि मुख्य म्हणजे मुदत दिली. तीन वर्षं म्हणजे चौथ्या वर्षी आत ये, जागा राखून ठेवली आहे. आमच्या सुभेदारांनी स्वतःच स्वतःला पायरीवर बसवलं होतं आणि त्या शिक्षेला मुदतच नव्हती.

एक वयस्कर पाळकसाहेब आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी हे पाहिलं. त्यांनी सुभेदारांना आत बोलावलं नाही. प्रभुभोजन आटोपलं की ते झग्यासकट बाहेर येऊन त्यांच्या शेजारी पायरीवर बसत. कित्येक महिने दोघं फारसं बोलतच नसत. सुभेदारांनी त्यांना काय सांगितलं ते कोणाला कळलं नाही, कळायचं कारणही नाही. एवढंच त्यांनी पुढे माझ्या वडिलांना सांगितलं: ‘सगळे मला म्हणायचे, विसरा. पाळकसाहेबांनी विचारलं, त्याचं नाव ठाऊक होतं का? मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, मग आपण नावाशिवाय प्रार्थना करू.’ त्यानंतर दर पहिल्या रविवारी त्या पायरीवर एका बिननावाच्या माणसासाठी प्रार्थना होत असे. पुढच्या एका ईस्टरला ते आत आले.

‘पण चर्चनेच युद्धांना आशीर्वाद दिले ना?’

दिले. १९१४ मध्ये दोन्ही बाजूंच्या व्यासपीठांवरून, देव आपल्याच बाजूला आहे असं सांगितलं गेलं, आणि ते ऐकून पोरं भरती झाली. हे झाकून करुणेवर बोलता येणार नाही.

जेफ्री स्टडर्ट केनेडी नावाचे पाळक असेच उत्साहाने सैन्यात गेले. सैनिकांना वुडबाइन सिगारेटी वाटायचे म्हणून त्यांना ‘वुडबाइन विली’ म्हणत. १९१७ मध्ये मेसिनच्या लढाईत गोळ्यांच्या वर्षावात धावत जाऊन जखमींना मदत केली म्हणून त्यांना शौर्यपदक मिळालं. पण मरणाऱ्यांजवळ बसून बसून त्यांचा देवच बदलला. सिंहासनावरून लढाई बघणारा देव त्यांना मानवेना. देव इथेच चिखलात, जखमी माणसाबरोबर दुःख सोसतो आहे, असं ते म्हणू लागले. युद्धानंतर ते युद्धाविरुद्ध उघड बोलत राहिले. ज्यांनी आशीर्वाद दिले त्यांना सैनिकाशेजारी पायरीवर बसावंच लागतं, आणि बसल्यावर तेही पूर्वीचे राहत नाहीत.

‘म्हणजे डॉक्टर नको, प्रार्थना पुरे?’

मुळीच नाही. पीटीएसडीचा रुग्ण प्रार्थनेवर सोडणं हे निर्दयपणाचं आहे. आत्महत्येचे विचार येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टर. डॉक्टर आणि पाळक यांची कामं वेगळी आहेत, इतकंच. आणि आता वैद्यकही त्या बाजूने चालत येतं आहे. विवेकाच्या जखमेसाठी अमेरिकेत तयार झालेल्या एका उपचारात रुग्णाला डोळ्यांसमोर असा माणूस आणायला सांगतात, ज्याच्या चांगुलपणावर त्याचा पूर्ण विश्वास आहे आणि जो त्याच्यावर माया करतो. मग त्याला सगळं सांगायचं, आणि तो काय उत्तर देईल ते स्वतःच्या तोंडाने बोलायचं. ख्रिस्ती माणूस याला पापकबुली म्हणेल, कोणी आजीच्या पायाशी बसणं म्हणेल.

करुणेच्या नावाखाली धर्मांतर, ही शंकाही मी ऐकली आहे. खचलेल्या माणसाच्या दुखण्याचा फायदा घेणं हे पापच आहे, कोणीही करो. आपल्या सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्खू असे सगळे धर्मगुरू असतात आणि ज्याला ज्याच्याकडे जावंसं वाटतं तो त्याच्याकडे जातो. शोमरोन्याने वाटसरूला त्याचा धर्म विचारला नव्हता.

घरच्यांनी काय करावं

‘किती मारले?’ हे कधीही विचारू नये, पोरांनाही सांगून ठेवावं. ‘विसरा आता’ म्हणू नये. फटाके वाजणार असतील तर आधी सांगावं. झोपेतून उठवताना अंगाला हात न लावता लांबून, नावाने हाक मारावी. बोलायला लागले तर मध्ये तोडू नये, लगेच समजूत काढू नये. घरचं माणूस सांभाळता सांभाळता बायको खचते, तिचंही कोणीतरी ऐकावं. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येतं. सैन्यातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तिचा वेगळा कक्ष सुरू झाला. माजी सैनिकांना ईसीएचएस या त्यांच्यासाठीच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यातून मनोविकारतज्ज्ञाकडे जाता येतं.

सुभेदारांना नगरच्या एका डॉक्टरांचे उपचार पाळकसाहेबांनीच सुरू करायला लावले होते. सगळं गेलं नाही. वरात आली की ते शेवटपर्यंत मोरीत नळ सोडून भांडी घासत बसायचे. पण ते आत येऊन बसायला लागल्यानंतर, दोनेक वर्षांनी असेल, पावसाळ्यात एकदा काकू आमच्याकडे विरजण मागायला आल्या. वाटी हातात घेतली, जायला निघाल्या आणि दारातून वळून आईला म्हणाल्या, ‘यंदा ह्यांनी खाट आतल्या भिंतीला लावलीय.’